चिंचेवरचा कडीवाला राघू

साहेबाला वेड होतं पोपटांचं. सिंदी गावच्या रेल्वे रुळांपलीकडचं कापसाचं जिन आदल्या साली, त्रेपन्नात, जळालं. आत झोपलेला राखणदार तानबाही गेला, आणि आग कुणी लावली ते काही कळलं नाही. नवी यंत्रं बसवायला हा गोरा माणूस समुद्रापलीकडून आला आणि बसवता बसवता त्यानं इथंच वर्ष काढलं. कामातून सुटला की कॅमेरा गळ्यात अडकवून चिंचेखाली उभा.

त्याला पोपट हेरून द्यायची ती जिनच्या मुकादमाची, रूपरावची, बायको लीलाबाई. घर चिंचेशेजारीच, आणि माहेरी वडनेरला तिनं राघू पाळलेला. "साब, वो देखो, उसके पाय में कडी," ती म्हणाली तेव्हा साहेब हरखलाच. रानातल्या थव्यात पितळी कडीचा पोपट म्हणजे पिंजऱ्यातून सुटलेला.

कुणाचा, ते लीलाबाईला ठाऊक होतं. रिकामा पिंजरा तिच्याच ओसरीवर टांगलेला होता. रूपरावची पहिली बायको आनंदाबाई, जिन जळाल्यावर महिन्याभरात विहिरीत पडून गेली. दहाव्याला कावळा काही केल्या पिंडाला शिवेना. बाईचा जीव तिच्या पाळलेल्या राघूत अडकला, असं जमलेले म्हणू लागले. मग रूपरावनं सगळ्यांदेखत हात जोडून पिंजरा उघडला. राघू उडाला, कावळा शिवला आणि केवढा मायाळू नवरा म्हणत गाव डोळे पुसत घरी गेलं.

साहेब फोटो काढण्यात रमला होता. कडीवाल्यानं मान तिरपी केली आणि बाईमाणसाच्या आवाजात तो बोलला, "आगीचं नाई सांगत कोनाले. हात सोडा जी."

साहेब हसला. त्याला सगळी मराठी सारखीच. लीलाबाईचा हात मात्र तोंडावर गेला. राघू एकदा ऐकून शिकत नाही. वडनेरला नुसतं 'राम राम' वदवून घ्यायला तिचा अख्खा उन्हाळा गेला होता. आनंदाबाई बिचारी किती वेळा गयावया करत असेल, या विचारानं तिला रडूच आलं.

तिनं तोंडाला कुलूप घातलं, ते शहाणपणाचंच केलं. पण चेहऱ्याला कुठलं कुलूप घालणार? साहेबानं फोटो धुतले आणि भल्या मनानं त्यातला एक रूपरावच्याच हातात ठेवला. फांदीवर कडीवाला, चोच उघडी. खाली लीलाबाई, हात तोंडावर, डोळे फाटलेले.

घरी येऊन रूपरावनं फोटो तिच्यापुढं धरला.

"काय बोलून राह्यला हा?"

"पाखरूच ते. काय बोलन?"

"मंग तू काऊन भेली एवढी?" त्यानं तिचं मनगट धरलं. बांगडी पिचली.

"मी नाई सांगत कोनाले," तिच्या तोंडून निघून गेलं. "हात सोडा जी."

हे शब्द कुणाचे, ते तिला बोलून झाल्यावर कळलं. तेवढ्यात बाहेर चिंचेवर कडीवाला तेच बोलला. मग दुसरा बोलला, तिसरा बोलला, आणि सगळा थवा ओरडू लागला, "हात सोडा जी, हात सोडा जी."

रूपरावनं मनगट सोडलं. फोटोची घडी करून खिशात घातली आणि तो खुंटीवरच्या दोराकडं बघत राहिला.

"उद्यापासून पान्याले एकटी नोको जाऊ," तो म्हणाला. आवाज अगदी मायेचा होता. "मी येत जाईन तुह्यासंगं विहिरीवर."