मुडीखालची मान

मागच्या वर्षी आमच्या कावात, देवराईतल्या जत्रेत वाऱ्यानं मुडी मागे ओढली आणि देवाचा वेष घेतलेला माझा एट्टन, म्हणजे थोरला भाऊ कोरन, पाठीवर आपटला. लोकांनी देवाला उभं केलं, डोक्यावरची मुडी, बांबूचा तो उंच मुकुट, सरळ केली, आणि देव पुन्हा नाचला. मान मात्र कोरनची दुखावली होती. तिची चौकशी कुणी केली नाही.

कण्णूरच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला. मार बसल्यापासून मणके झिजत चाललेत, मधली नस चेपतेय. "पुन्हा डोक्यावर ओझं घेतलंत तर हातपाय जातील." आता त्याला शर्टाचं बटणही लावता येत नाही. तरी यंदा गडी तयार!

"एट्टा, नको ना," मी म्हणालो.

"मग तू चढवतोस मुडी? आरशात देव दिसला की धोतर सोडून पळशील!" तो हसला आणि हसता हसता त्यानं मान धरली. "बांध. घट्ट बांध. देवाला परत पाडू नकोस."

मी चिडून बांधली. मेलं आमचं कामच असलं! त्यानं आरशात पाहिलं, आणि तिथून पुढे तो कोरन राहिला नाही. मीही त्याच्या पाया पडलो.

नाच संपल्यावर लोक गाऱ्हाणी घेऊन रांगेत आले. देव एकेकाचा हात हातात घेऊन ऐकत होता, मी मागून मुडी सावरत होतो. सगळ्यांत शेवटी वहिनी आली, कार्त्यायनी. घरी नवऱ्याला फाडून खाणारी बाई इथे हात जोडून पुटपुटली, "देवा, माझ्या माणसाची मान पार गेली. आता त्याला मोकळं कर. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल."

देवानं तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"बाई, घाबरू नकोस," तो म्हणाला. "ज्याच्या माथ्यावर मी बसतो, त्याला मी कधी सोडत नाही."

वहिनीनं प्रसादाची हळद मुठीत घेतली आणि बाजूला झाली. मला तिच्याकडे बघवेना.

मुडी उतरवली तसा एट्टन चटईवर कलंडला. वहिनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"तू आली होतीस का गं रांगेत?" त्यानं विचारलं. "काय म्हणाला देव?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"म्हणाला, पुरे झालं. आता दुसरा माणूस बघतो."

"खरंच?" त्याचा चेहरा खुलला. "मग पुढच्या जत्रेला मला घरी निवांत झोपू दे हं."

मी त्याचे पाय जोरजोरानं चोळत होतो. त्याला ते कळत नव्हतं.