रिकामी म्हणायचं नाही

मी एक टाकी बोलतेय. गोडेतेलाची नव्हे, पाण्याचीही नव्हे. थंडीत घर गरम ठेवणाऱ्या शेगडीला जे उग्र वासाचं तेल लागतं, त्याची. स्वयंपाकघरामागच्या सज्जात, चार लोखंडी पायांवर, भिंतीला पाठ लावून मी उभी असायचे. माझ्यापासून एक बारीक नळी भिंतीतून बैठकीत जायची आणि तिथल्या शेगडीला थेंब थेंब तेल पाजायची. काम साधं होतं. अवघड केलं ते माणसांनी.

माझा जन्म डोंगराखाली, बेका नावाच्या सपाटीवरच्या एका वेल्डरकडे झाला. पत्रा वाकवताना तो एकदा देवाचं नाव घ्यायचा आणि एकदा पत्रा विकणाऱ्याच्या आईचं. दोघांच्या आशीर्वादाने मी उभी राहिले. माझी तोटी त्याने तळापासून चार बोटं वर बसवली. तळाशी गाळ बसतो, पाणी साचतं, ते शेगडीच्या पोटात जाऊ नये म्हणून. माझ्या जातीच्या सगळ्याच टाक्यांत ही चार बोटं असतात. त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

मला डोंगरावर आणलं अबू मिलहमने. त्याचं खरं नाव खत्तार. पण थोरल्या मुलाच्या नावाने बापाला ‘अबू’ आणि आईला ‘उम्म’ अशी हाक मारायची इथली रीत, आणि मुलगा परदेशी जाऊन वर्षं झाली तरी नाव इथेच राहतं. मी आले त्या दिवशी अबू मिलहमने जुनी लाकडाची शेगडी देऊन टाकली. लाकूड जाळणं हे आता खालच्या आळीचं काम, असं त्याने वरच्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. समोरच्या घरातल्या अबू असाफने ते ऐकलं. पुढच्याच आठवड्यात त्याच्या सज्जात माझ्याहून वीतभर उंच टाकी उभी राहिली.

या गावात एक शब्द उच्चारत नाहीत. पिठाचा डबा खरवडला जात असला तरी त्यात ‘बरकत आहे’. खिशात भोक असलं तरी ‘देवाच्या कृपेनं सगळं झाकलेलं आहे’. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मुठीवर हातमोजाही घालतात. त्यामुळे मी कधीच रिकामी नसायचे. मी फार तर ‘उतरलेली’ असायचे.

ज्या हिवाळ्याची गोष्ट सांगायची आहे, त्या हिवाळ्यात तेल महाग होतं आणि मी आधीच अर्धी उतरलेली होते. अशात अबू मिलहमची मुलगी नजला बाळंत होऊन चाळीस दिवसांसाठी माहेरी आली. मुलगी झाली होती. एवढीशी, कणकेच्या गोळ्यासारखी. बाळ बघायला गाव लोटलं. आलेल्याला दालचिनी घातलेली तपकिरी खीर द्यायची, वर भिजवलेले अक्रोड आणि बदाम. खीर खाऊन माणसाने उठावं अशी अपेक्षा असते. पण त्या वर्षी कोणी उठेना. अबू असाफ तर रोज येऊ लागला. रोज बाळाला नव्याने आशीर्वाद द्यायचा, शेगडीला पाठ लावून बसायचा आणि एकेक स्वेटर उतरवायचा. मी मोजले नाहीत, पण खाली माणूस सापडायला वेळ लागायचा.

आणि पाहुणा बसला असताना शेगडीची ज्योत बारीक करायची नाही, हा इथला नियम. बारीक केली तर त्याचा अर्थ एकच: निघा आता. असा अपमान केलेल्या घराची सोयरीक चार पिढ्या जुळत नाही. तेव्हा मुलीचा पहिला आठवडा गावाने माझ्या जिवावर साजरा केला. वीज पाहुण्यासारखी येऊन जायची. पाहुणे मात्र विजेसारखे जात नव्हते.

एका सकाळी अबू मिलहमने अंगठीने माझ्या पोटावर टकटक केली. मी देवळाच्या घंटेसारखी घणघणले. तो लगेच जोरात खोकला. समोर ऐकू जाऊ नये म्हणून. तोवर बर्फाने रस्ता बंद झाला होता आणि तेलाची गाडी खालच्या वळणावर अडकली होती.

त्याच्या बायकोने, उम्म मिलहमने, हळूच विचारलं की शेजारी थोडं मागू का. अबू मिलहम म्हणाला, “शेजारी? मी? अबू असाफकडे? त्यापेक्षा मी दाराच्या फळ्या जाळीन.”

“दाराच्या जाळू नका,” ती म्हणाली. “लोकांना दिसेल. पलंगाच्या जाळा.”

मग त्याने ते केलं, जे उतरलेल्या टाकीला कधी करू नये. माझ्या मागच्या पायांखाली दगड सारले आणि मला तोटीकडे कलती केली. तळाचं उरलंसुरलं तेल येईल, असा हिशेब. तेलाआधी आलं पाणी. रिकामी टाकी थंडीत आतून घाम गाळते. तो घाम तळाशी साचतो. ते पाणी नळीत गेलं आणि सज्जातच गोठलं. ते गोठण्याआधी थोडा गाळ शेगडीत पोचला होता. शेगडीने दोनदा ठसका दिला, धुराड्यातून काळा धूर सोडला आणि विझली. तेवढा धूर बघून समोरून अबू असाफ कौतुकाने ओरडला की शेगडी आज जोरात दिसते. अबू मिलहमने हात हलवून सांगितलं, देवाची कृपा.

दुपारपर्यंत बैठकीत श्वास दिसू लागला. बाळाला तीन शालींत गुंडाळलं, आजीने छातीशी धरलं. आधी बाळ रडत होतं. मग रडायचं थांबलं. नजलाने शाल बाजूला केली, बाळाची निळी पडलेली नखं बघितली, आणि सज्जात आली. माझ्यापाशी उभी राहिली. समोर, वर, खाली सगळ्या सज्जांत माणसं बर्फ झाडत होती.

“टाकी रिकामी आहे,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण गार हवेत आवाज लांब जातो. “आमची टाकी रिकामी आहे. पोरीला थंडी बाधतेय.”

झाडू थांबले. आतून अबू मिलहम धावत आला आणि गावाला उद्देशून म्हणाला की बाळंतिणीचं डोकं आहे, मनावर घेऊ नका, टाकीत बरकत आहे. नजलाने बापाकडे नुसतं बघितलं. तो आत गेला.

पहिली आली उम्म असाफ, हातात कॅन घेऊन. म्हणाली, “आमच्या ह्यांनी टाकी इतकी भरून ठेवलीय की झाकणातून सांडतंय. एवढं ओतून घे गं, उपकार होतील.” तिच्यामागे वरच्या आळीची एक, मग खालच्या आळीचे दोघे. सगळ्यांच्याच टाक्या सांडत होत्या. ऐन टंचाईत गावात तेलाचा पूर आला होता.

उम्म मिलहमने जुना पायमोजा माझ्या तोंडाला बांधला आणि एकेक कॅन गाळून ओतला. वरून ओतलेलं मला कळतं. पहिल्या कॅनमध्ये गंज होता. दुसऱ्यात गाळ. तिसऱ्यात पाणी आणि मेलेली गांधीलमाशी. सांडणाऱ्या टाकीचं तेल असं नसतं. ते सगळं तळाचं होतं. तोटीखालच्या चार बोटांतलं. प्रत्येकाने आपली टाकी उलटी करून निथळून आणली होती. अबू असाफचं माझ्यात आलं, तेव्हा मला त्याचे स्वेटर आठवले.

दगड काढून मला सरळ केलं. नळीवर गरम पाण्याची फडकी गुंडाळली. गाळ खाली बसेपर्यंत थांबायला हवं होतं आणि थांबणं कठीण होतं. बाळ नजलाच्या झग्याच्या आत होतं, अंगाला अंग लावून. शेवटी नळीतली हवा फुसफुसत निघाली, तेल आलं, शेगडी पेटली. थोड्या वेळाने बाळाने असा काही गळा काढला की उम्म असाफ खाली बसून रडली.

मग ते सगळे तिथेच बसले. घरी जाऊन करणार काय होते? अबू मिलहमने ज्योत मोठी केली. अबू असाफ उठला आणि स्वतःच्या हाताने ती बारीक केली. “उकडतंय,” तो म्हणाला. त्याच्या अंगावर सगळे स्वेटर होते. कोणी अपमान मानला नाही. बारीक ज्योतीवर ते तेल गाडी वर येईपर्यंत पुरलं.

गाडी आली, मी काठोकाठ भरले, आणि गावाची दुसरी रीत पुढे आली: शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. गाळाचे कॅन आले होते, स्वच्छ तेलाने गच्च भरून गेले. मी पुन्हा अर्धी उतरले. अबू मिलहम प्रत्येक दारात सांगत होता की आमच्याही टाकीत मावत नाहीये, उपकार करा.

आता माझ्या तळाला गंजाने भोक पडलंय. माझ्या जागी प्लास्टिकची एक आलीय. तिला ठोकलं तर आवाजसुद्धा येत नाही, म्हणून ती या घराला शोभते. मी अंगणात भंगारवाल्याची वाट बघत पडले आहे. अबू मिलहमने मला काल हिरवा रंग दिला. जाताना लोकांना बरी दिसावी म्हणून.

वाचकहो, थंडीत कोणाकडे गेलात आणि यजमान म्हणाला की सगळं झाकलेलं आहे, तर त्याला खोटं पाडू नका. चहा-कॉफी घ्या, आशीर्वाद द्या. फक्त उठताना एकदा घरातल्या लहान मुलाचे हात हातात घेऊन बघा. गार लागले तर घरी जा, आणि तुमची टाकी सांडायला लागू द्या.