निम्मा आकडा

ही २०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी बाई नवऱ्यावर जितकी वैतागली, तितकी उभ्या संसारात कधी वैतागली नव्हती.

नवरा सलूनवाला. साऱ्या पेठेच्या डोक्यांची निगा राखणारा, पण स्वतःचा माथा उघडा पडू लागला तसा त्याचा धीर सुटला. टकल्याकडे केस कापायला कोण येणार, म्हणून तो चोरून केसांच्या गोळ्या खायचा. बायकोला ताकीद होती, याबद्दल ब्र काढायचा नाही.

अशात प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. अगदी सुरुवातीचा. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच ऑपरेशन नको, रक्तातल्या पीएसएच्या आकड्यावर नजर ठेवू, चढला तर बघू. आकडा काही चढेना. नवऱ्याने भावाला फोन करून सांगितले, आपली तब्येत म्हणजे लोखंड. दीर म्हणाला, वहिनीच उगाच तोंड पाडून बसते.

दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारत, दुसरी कुठली गोळी चालू आहे का? दर खेपेला हा ठामपणे नकारार्थी मान हलवी, आणि बाई नुसती धुमसत राही. घरी भांडली तर म्हणायचा, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, केसांचा याच्याशी काय संबंध?

शेवटी एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान चाललंय, आता वर्षाने या. तेव्हा मात्र बाईला राहवेना.

"हे केसांच्या गोळ्या खातात. दोन वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, त्या गोळीने हा आकडा निम्मा दिसतो. खरा दुप्पट धरायचा. मी इतक्यांदा विचारलं ते कशासाठी?"

"तुमच्यासमोर टकलाचं काय काढायचं?" तो पुटपुटला.

रोग निघाला तेव्हा तपासायला काढलेला गाठीचा तुकडा जनुकांच्या तपासणीला गेला. निकाल येईपर्यंत नवरा बायकोशी एक शब्द बोलला नाही. जणू रोग तिनेच आणला. निकाल आला, रोग पसरणाऱ्यांतला होता. थांबण्यात अर्थ नव्हता.

रेडिएशन झाले, तो वाचला. आजही सलूनमध्ये बसून गिऱ्हाइकांना सांगतो, मी वेळेवर सावध झालो. डॉक्टरीणबाई मोठ्या इस्पितळात नोकरीला गेल्या. सख्ख्या भावाला झालंय, तुम्हीही तपासून घ्या, असे बाईने दिराला जीव तोडून सांगितले. तो हसला. गेल्या हिवाळ्यात त्याच रोगाने गेला. बाई दिरावर अजून चिडते, पण ऐकायला आता तो नाही.