घासलेला जोड

तो जोड टिकला तर वहिनींच्या पदरात पडणार होतं ते असं: दिराची कारखान्यातली नोकरी कायम, पाठोपाठ त्याचं लग्न, आणि त्याने अडवलेली बाहेरची खोली मोकळी.

प्रयोगशाळेतही सगळे त्यांना वहिनीच म्हणत. त्यांचं काम वेल्डिंगचे जोड दमवायचं. मशीन जोडाला ओढतं, सोडतं, पुन्हा ओढतं. एका ओढीने काही बिघडत नाही. लाखो ओढींनी पोलाद थकतं आणि तुटतं.

नव्या क्रेनच्या तुळईला जसा जोड असणार, तसाच नमुना दिराने करून आणला होता. वहिनींनी तो उजेडात धरला. आरशासारखा चमकत होता.

"भावजी, याला ग्राइंडर लावलात?"

"मग? तुमच्यासमोर यायचा होता. दाढी न करता कसा पाठवू?"

"क्रेनवरच्या जोडांना पण लावणार का?"

"तिथं उताणं पडून वेल्डिंग करायचं, वहिनी. डोळ्यात ठिणगी गेली नाही म्हणजे मिळवली. तिथं कोण बघायला येतंय?"

वहिनी हसल्या. वेल्डिंगच्या कडेला बारीक खाच राहते, तडा तिथूनच निघतो आणि घासलं की ती खाच जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नमुना परत पाठवला असता तर दिराचं नाव खराब झालं असतं. त्यांनी तो मशीनला लावला. लाडावलेला तो जोड तुटलाच नाही. अहवाल गेला, दीर कायम झाला, बाहेरच्या खोलीत सोफा आला.

पुढच्या वर्षी क्रेनची तुळई जोडातून तुटून केबिनसकट खाली आली. केबिनमध्ये चालक गोगलगाय होता; तो जागीच गेला. माल इतका सावकाश उचलायचा की सगळा कारखाना त्याला त्याच नावाने हाक मारी. चौकशीवाल्यांनी वहिनींचा अहवाल वाचला. जोड मजबूत; म्हणजे चालकाने घाईत हिसका दिला.

तेव्हापासून मशीन बंद असलं तरी वहिनींना ते ऐकू येई. शेवटी त्यांनी दिराकडून न घासलेला नमुना मागवला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि निघून गेला.

नमुना मशीनवर असतानाच गोगलगायची बायको आली.

"बाई, सगळे म्हणतात यांनी घाई केली. अहो, हे जेवायला बसले की माझी भांडी घासून व्हायची, तरी यांचा पहिला घास हातातच."

मशीनचा सूर उतरला. काहीतरी बारीक कुरकुरलं, आणि मशीन आपोआप थांबलं.

"बिघडलं का हो?"

"नाही. तुटला." सोसायला हव्या होत्या त्याच्या निम्म्या ओढींपर्यंतही तो पोचला नव्हता.

"मग यांनी घाई केली नव्हती, एवढं लिहून द्याल? मला बाकी काही नको."

लिहायचं तर दोषींत पहिलं नाव दिराचं, दुसरं स्वतःचं.

"विचारून सांगते," वहिनी म्हणाल्या.

कोणाला, ते त्या बाईने विचारलं नाही. ती जिना उतरून गेली.

दिराची नोकरी राहिली. कारखान्याकडे अहवाल राहिला. वहिनींकडे घर राहिलं. फक्त फ्रीज मशीनसारखा घुरघुरू लागला की त्या बोलता बोलता थांबत. गोगलगायचा जीव गेला, आणि मागाहून, जन्मभर जपलेला संथपणाही त्याच्या नावावर राहिला नाही.