नऊची मुलगी, सोळाचा गेम

माझ्या भावाला कुठलाही आकडा दिसला की तो ओलांडायची घाई होते. मुलांना पोहायला शिकवणं हा त्याचा पेशा. त्याच्या तलावावर गट असतात: सातचा, बाराचा, सोळाचा. नावं वयावरून पडलेली, पण ज्याला जमतं त्याला तो बिनधास्त वरच्या गटात टाकतो. त्याची स्वतःची लेक नऊ वर्षांची आणि पोहते सोळाच्या गटात. तिला आम्ही बेडकी म्हणतो. मी तिची आत्या. त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, औषधांचं दुकान चालवते आणि कोणी न विचारता सल्ला देते. वहिनी नोकरीच्या कामासाठी महिनाभर बाहेरगावी गेली, तेव्हा घरावर लक्ष ठेवायला तिने मला सांगितलं. न सांगताही मी ते ठेवलंच असतं.

वहिनीची पाठ फिरली आणि भावाने लेकीसाठी टीव्हीवर खेळायचा गेम आणला. बुडालेल्या जहाजात उतरून खजिना शोधायचा. डबीवर ठळक सोळा. दुकानदाराने विचारलं, मूल केवढं आहे? साहेबांनी छाती फुगवून सांगितलं, "नऊची आहे, पण सोळाचं सहज जमतं तिला." हे त्याने मलाही त्याच थाटात ऐकवलं. मी गिऱ्हाइकांत गुंतले होते, म्हणून वाचला.

पुढच्याच आठवड्यात त्याची कुरकुर सुरू झाली. "ताई, बेडकी आळशी झालीय. खोल बाजूला भिंत सोडत नाही, तोंड पाण्यात घालत नाही. असंच चाललं तर पोहणं सुटेल हिचं."

बेडकी आणि आळशी? मला ते पटेना. संध्याकाळी मी खाली गेले, तर ती टीव्हीसमोर बसून तो गेम खेळत होती. आवाज बंद. आणि पडद्याचा खालचा अर्धा भाग दिसू नये म्हणून पुढे सोफ्याची उशी उभी केलेली.

"उशी कशाला गं?"

"खालून हात येतो. पाय धरून ओढतो. मग माणूस बुडतो आणि त्याचे डोळे उघडेच राहतात."

"मग खेळतेस कशाला?"

"नाही खेळले तर बाबांना वाटेल, जमलं नाही."

माझं डोकं तापलं. ते मला सवयीचं आहे.

भाऊ घरी आला तशी मी डबी त्याच्या पुढ्यात ठेवली. "हा सोळा कसला?"

"लेव्हल आहे ती. किती अवघड आहे ते."

"शाब्बास. माझ्याकडे खोकल्याचं एक औषध आहे, बारा वर्षांवरच्या मुलांसाठी. तुझी लेक हुशार आहे म्हणून पाजू का?"

"औषधाचं वेगळं असतं, ताई."

"काही वेगळं नसतं. अवघड किती, हे तो आकडा सांगतच नाही. आत जे दाखवलंय ते कुठल्या वयाला झेपेल, तेवढं सांगतो. हाताला अगदी सोपा गेमसुद्धा सोळाचा असू शकतो. का, ते मागे लिहिलंय. उलट डबी."

त्याने उलटली. मागे लहान चौकटींत चित्रं होती आणि खाली बारीक अक्षरांत शब्द: भीती, हिंसा.

"दुकानदाराने सांगायला नको?"

"वय विचारलं ना त्याने? आणखी काय, दवंडी पिटायची?"

भावाने उशी काढली, आवाज लावला आणि स्वतः खेळायला बसला. चाळिशी ओलांडलेला गडी. जहाजाच्या पहिल्याच खोलीत हात आला आणि याने दोन्ही पाय सोफ्यावर घेतले. मला हसू आलं, ते मी दाबलंही नाही.

टीव्ही बंद करून त्याने लेकीला जवळ बोलावलं. "हा मी ठेवून देतोय. सोळाची झालीस की बघू."

ती हळूच म्हणाली, "मला पोहण्यातही खालच्या गटात टाकणार?"

मला भावाची दया आली, आणि ती मला सहसा येत नाही. त्याने तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला.

सकाळी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी तलावावर गेले. सोळाचा गट काठावर उभा होता. भाऊ खोल बाजूला उतरला, तळापर्यंत जाऊन वर आला आणि लेकीला म्हणाला, "खाली फरशी आहे आणि कोणाची तरी केसांची निळी क्लिप पडलीय. बाकी काही नाही. बघावंसं वाटलं तर बघ. नाहीतर आज नुसती बस. गट तुझा हाच."

बेडकी बसली. मोठी मुलं पोहायला लागली तरी बसूनच होती. मग शिडीच्या दोन पायऱ्या उतरली, एका हाताने दांडा धरला, दुसऱ्याने बापाचा अंगठा, आणि तोंड पाण्यात घातलं. ती वर येईपर्यंत मीही श्वास घेतला नाही.

वर आल्यावर तिने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला.

"क्लिप हिरवी आहे, बाबा."

"मग माझं चुकलं," भाऊ म्हणाला. सगळ्या गटाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.