पाटीवर ‘कधीच नाही!’

माझी आई जन्मापासून बहिरी. म्हणून मूकपट आपल्याइतका कुणालाच कळत नाही, असं तिचं ठाम मत. पडद्यावरच्या संवादांच्या पाट्या ती वाचतच नाही, नटांचे ओठ वाचते. पाटीवर नायक म्हणतो, “प्रिये, तुझ्याविना जगणं नाही,” आणि ओठांनी म्हणत असतो, “दुपारी कांदा खाल्लास ना?” मग आई मला कोपराने ढोसते. मी स्टुडिओत फिल्म कापून जोडते ना, म्हणजे सगळा दोष माझाच!

त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या टेकडीमागे खंदक खणून आम्ही दोन युद्धवार्ताहरांची प्रेमकथा काढली. बातमी दोघांना पाठवायची, तारयंत्र एकच. नायक ऑर्विल, नायिका लिओना. शेवटी गोळे फुटत असताना तो तिला मागणी घालतो, ती खो खो हसते, त्याला चिखलात ढकलते आणि तारयंत्राकडे धावते. पाटी आधीच लिहून ठेवली होती: “कधीच नाही!”

चित्रीकरण संपलं आणि चार दिवसांनी ऑर्विल माझ्या खोलीत येऊन बसला.

“विनी, मी खरंच विचारलं गं तिला.”

“काय?”

“लग्नाचं. कॅमेरा चालू असताना. एरवी माझी जीभच उचलत नाही.”

“मग?”

“हसली. ढकललं मला.”

“अरे येड्या, ते तर गोष्टीतच होतं!”

“ती काय म्हणाली ते स्फोटात ऐकूच आलं नाही. पण चेहरा दिसला ना. नटाला चेहरा कळतो, विनी. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने शिकागोला निघालोय, तिकडे नाटकात काम मिळालंय.”

“परत विचार की!”

“एकदा विचारायला सहा वर्षं लागली मला.”

माझं डोकंच फिरलं. एवढा धिप्पाड गडी, आणि छाती उंदराची! त्या प्रसंगाच्या फिल्मची पट्टी मी दहादा उजेडात धरून पाहिली. आईने लहानपणी ओठ वाचायला शिकवायला बसवलं, की मी पळून जायचे. आता भोगा. लिओनाला विचारावं, तर त्याचं गुपित फोडल्यासारखं झालं असतं.

शनिवारी दुपारी पहिला खेळ. आई माझ्या डावीकडे, उजवीकडे ऑर्विल, पायाशी त्याची बॅग. लिओना सहा रांगा पुढे, एकटीच. पियानोवाली बाई जोरजोरात तोफा वाजवत होती. लिओना हसली, ऑर्विल चिखलात पडला, पाटी आली, “कधीच नाही!” थिएटर हसून लोटपोट झालं. ऑर्विलने बॅग उचलली.

तेवढ्यात आईने मला असं ढोसलं की बरगडी दुखली. तिचे हात रागाने भराभर चालायला लागले. ‘पाटी चुकीची आहे! काम करता की झोपा काढता?’

‘का? काय म्हणतेय ती?’

‘हो म्हणतेय. म्हणते, हो रे बाबा, हो, पण आता मला हसावं लागणार, रागावू नकोस.’

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ऑर्विलचा कोट धरून मी त्याला खाली ओढलं आणि कानात जसंच्या तसं सांगितलं. बिचारी लिओना! तिने हो म्हटलं आणि हा इतके दिवस तोंड फिरवून बसला. तिला वाटलं असणार, यानेच कॅमेऱ्यापुरतं विचारलं होतं.

“जा की आता, बसलास काय!” मी खेकसले.

लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात तो सहा रांगा पुढे गेला आणि तिच्या शेजारी बसला. बॅग इथेच राहिली. पडद्याच्या उजेडात दोघांचे चेहरे एका बाजूने दिसत होते. लिओनाचे ओठ हलत होते आणि या वेळी ती अजिबात हसत नव्हती.

मी आईला खुणेने विचारलं, ‘काय बोलतायत गं?’

जगातल्या सगळ्यांचे ओठ वाचणारी माझी आई. तिने माझी हनुवटी धरली, तोंड पडद्याकडे वळवलं आणि सांगितलं, ‘तू पिक्चर बघ.’