कडेची हातभर वाट

मी एक जुना गतिरोधक आहे, मित्रांनो. महाविद्यालयाच्या आवारातल्या उताराच्या रस्त्यावर, ग्रंथालयासमोर माझा मुक्काम. गाडीवाले मला काय काय म्हणतात, ते इथे सांगण्यासारखे नाही.

बारा वर्षांपूर्वी मुकादमाने गरम डांबर ओतून मला घडवले. पाणी तुंबू नये म्हणून त्याने कडेला हातभर जागा सपाट सोडली. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. भरधाव मोटारी माझ्यापुढे मुकाट्याने हळू होत, तेव्हा मीही फुशारून जाई.

पण ती हातभर जागा सायकलवाल्यांना सापडली. वेग जराही कमी न करता ते तिथून सुळकन निघतात. आणि त्याच जागेतून ग्रंथपालबाई चालतात. त्यांना अंधुक दिसते. माझ्या चढावर काठी अडखळते, म्हणून त्या कडेची सपाट वाट धरतात. काठीची टकटक ऐकू आली की माझा जीव टांगणीला लागतो. ओरडायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात रस्त्याची नवी आखणी करायला अभियंताबाई आल्या. तीन दिवस कट्ट्यावर बसून त्यांनी मोटारी, सायकली, पायी चालणारे, सगळे मोजले.

"गाड्या हळू होतात ना? मग झालं की!" मुकादम म्हणाला.

"गाड्या होतात हो काका. सायकली कुठे होतात?"

तेवढ्यात एक सायकल ग्रंथपालबाईंना घासून गेली. काठी उडाली. बाई मटकन खाली बसल्या. "काही नाही, काही नाही, मलाच दिसलं नाही," म्हणत त्या रस्ता चाचपू लागल्या.

"ती जागा मीच सोडली होती," मुकादम पुटपुटला.

आता सायकलींना वेगळी पट्टी होणार आहे. माझ्या जागी या कडेपासून त्या कडेपर्यंत चालणाऱ्यांसाठी पदपथाइतका उंच, सपाट ओटा येणार आहे. अभियंताबाईंनी माझ्या पाठीवर फुली मारली, तेव्हा फोडणाऱ्या यंत्राच्या भीतीने मी हादरलो. पण काम या सोमवारचे त्या सोमवारवर गेले, फुली पुसट झाली. आता मला भीती वाटते ती यंत्र न येण्याची.

बाई पडल्या त्या दिवसापासून तास सुटायच्या वेळी मुकादम स्वतः त्या हातभर जागेत आडवा उभा राहतो. आज तो आलेला नाही.

घंटा झाली आहे. सायकली उतारावरून सुटल्या आहेत. ग्रंथालयाच्या पायरीवर टकटक सुरू झाली आहे. मित्रांनो, ब्रेक दाबा. आणि कुणीतरी मला लवकर फोडा हो!